धुऱ्याच्या भांडणातली केस आणि कोर्टाची दया: वकिलाचं उत्तर

ताई, तुमची हकीकत आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत कुठे चुकत असेल तर तुमच्या लक्षात येईल. तुमचं माहेर दारव्हा तालुक्यातलं. वडिलांनी कर्जापायी फवारणीचं औषध घेतलं आणि ते गेले. पुढे आईला लकवा झाला. पाच एकर कोरडवाहू, घर आणि आजारी आई, हे सगळं वीस वर्षांच्या भावावर आलं आणि तो प्यायला लागला. २०२३ साली कापूस वेचणीच्या दिवसांत धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, शेजारच्या शेतकऱ्याशी भांडण झालं. भावानं फावड्याच्या दांड्यानं त्याच्या डोक्यात मारलं, टाके पडले. पोलिसांनी भादंविची, म्हणजे जुन्या भारतीय दंड विधानाची, ३२४ (हत्यारानं दुखापत), ५०४ (चिथावणारा अपमान) आणि ५०६ (धमकी) ही कलमं लावली. दोषारोपपत्र गेलं, आता साक्षी सुरू व्हायच्या आहेत, आणि वकील म्हणतात, "कबूल करून टाक, साहेब परिस्थिती पाहून सोडून देतील." तुमचे मुख्य प्रश्न दोन आहेत. परिस्थिती पाहून कोर्ट खरंच सोडतं का? आणि भावाला वनरक्षक भरतीचा फॉर्म भरायचा आहे, त्याचं काय होणार?

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुका कोर्टांत बरीच वर्षं फौजदारी वकिली करते आहे. अशा केसेस आमच्याकडे दर पावसाळ्यात आणि दर वेचणीत येतात. धुरा, पांदण रस्ता, विहिरीचं पाणी, दुसऱ्याच्या तुरीत शिरलेलं जनावर. आरोपी आणि फिर्यादी दोघेही कास्तकार, बहुतेक वेळा एकाच भावकीतले. त्यामुळे तुमच्या भावाला मी ओळखत नसले तरी त्याची केस मला परकी नाही.

पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: हो, सोडतं, आणि अशा कलमांत सोडायची कायद्यात चांगली सोय आहे. पण "परिस्थिती पाहून" हे शब्द जेवढा भरवसा देतात तेवढा देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. का ते सांगते.

आरोप सिद्ध झाला की शिक्षा ठरवण्याआधी न्यायाधीश आरोपीला त्याचं म्हणणं विचारतात. त्या वेळी उभं राहून वकील काय बोलतो? आरोपी गरीब आहे, घरात कमावता एकटाच आहे, हा पहिलाच गुन्हा आहे, दया दाखवावी. ही वाक्यं तुम्ही कुठलंही निकालपत्र उघडा, शेवटच्या पानावर सापडतील. न्यायाधीश ती रोज ऐकतात. आमच्या भागात कर्ज कुणाला नाही? बाप किंवा भाऊ फास लावून नाहीतर औषध पिऊन गेला, असं घर कोणत्या गावात नाही? दुःख खरं असतं, पण एवढ्यानं तुमचा भाऊ शेजारच्या आरोपीपेक्षा वेगळा ठरत नाही. शिवाय समोर बसलेल्या फिर्यादीचं घरही तितकंच ओढगस्तीचं असतं, आणि त्यानं कुणाचं डोकं फोडलेलं नसतं.

न्यायाधीशांच्या मनात खरे प्रश्न वेगळे असतात. हा माणूस आज घरी गेला तर पुन्हा हेच करणार नाही कशावरून? ज्याला मार लागला त्याची भरपाई कोण करणार? आणि याच्यावर लक्ष कोण ठेवणार? तुमच्या घरावरच्या संकटाला कोर्टात वजन येतं ते या प्रश्नांच्या उत्तराचा भाग म्हणून. वडील गेले म्हणून तो पिऊ लागला, प्यायल्यामुळे राग आवरला नाही, आता उपचार चालू आहेत आणि इतके महिने तो प्यायलेला नाही, हे सांगता आलं तर संकट, गुन्हा आणि त्यावरचा उपाय एका रेषेत येतात. नुसतं "वडील गेले साहेब" म्हटलं तर ते ऐकून घेतलं जातं, निकालात लिहिलंही जातं, आणि शिक्षा सुनावली जाते.

आता कायदा काय देतो ते. अपराधी परिवीक्षा अधिनियम १९५८ सालचा आहे. कोर्टात सगळे त्याला प्रोबेशनचा कायदा म्हणतात. त्यात मुख्य दोन वाटा आहेत. कलम ३ मध्ये नुसती समज देऊन सोडता येतं. ते चोरी, फसवणूक अशा काही ठरावीक गुन्ह्यांना आणि ज्यांत जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा आहे अशा गुन्ह्यांना लागू होतं, आणि आधी दोष सिद्ध झालेला नसावा लागतो. तुमच्या भावाच्या ३२४ ला शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे, म्हणून ही वाट त्याला बंद. कलम ४ मात्र खुलं आहे. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकत नाही, अशा गुन्ह्यात कोर्ट लगेच शिक्षा न सुनावता चांगल्या वर्तणुकीच्या बॉण्डवर, म्हणजे लेखी हमीवर, सोडू शकतं. बॉण्ड जास्तीत जास्त तीन वर्षांचा. त्या काळात बोलावलं की हजर व्हायचं, शांततेत राहायचं, नीट वागायचं. जामीनदार घ्यायचा की नाही हे कोर्ट ठरवतं. कोर्टाला वाटलं तर परिवीक्षा अधिकाऱ्याची (प्रोबेशनवर सुटलेल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याची) देखरेखही लावता येते, आणि ती लावली तर किमान एक वर्षाची.

इथे एक फरक नीट लक्षात घ्या, कारण गावात त्यावरून फार गोंधळ होतो. हत्यारानं झालेली दुखापत साधी असेल तर ३२४. हाड मोडलं, डोळा गेला, अशी गंभीर दुखापत हत्यारानं झाली तर ३२६, आणि त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे कलम ४ चा दरवाजा बंद. तुमच्या भावाच्या दोषारोपपत्राला डॉक्टरांचा दाखला जोडलेला असेल. कवटीला तडा गेल्याचा उल्लेख त्यात कुठे नाही ना, हे तुमच्या वकिलांकडून आधी पाहून घ्या. साक्षी होताना कलम वाढू शकतं. आणखी एक. शेजारी अनुसूचित जाती-जमातीचा असेल आणि ॲट्रॉसिटीचं कलम लागलेलं असेल, तर मी लिहिलेलं बरंचसं लागू पडणार नाही. त्या कायद्यात किमान शिक्षा ठरलेल्या आहेत आणि केस विशेष न्यायालयात चालते. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, म्हणून ते नाही असं धरून पुढे जाते.

नवीन कायद्याचंही तुम्ही विचारलं आहे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तुमची घटना त्याआधीची, म्हणून गुन्ह्याची कलमं जुनीच राहतील. प्रोबेशनचा १९५८ चा कायदा दोन्हीकडे तसाच चालू आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३६१ होतं, ते आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४०२ आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. त्याचा अर्थ असा, की ज्या केसमध्ये प्रोबेशन देता आलं असतं तिथे ते दिलं नाही, तर का दिलं नाही याची खास कारणं न्यायाधीशांनी निकालात लिहिली पाहिजेत. म्हणून वकिलांना सांगा, प्रोबेशनची मागणी तोंडी करू नका, लेखी अर्ज द्या. अर्ज रेकॉर्डवर असला की त्यावर कारण लिहावंच लागतं. आणि कारण चुकीचं असेल तर अपिलात त्यावर बोलता येतं.

वयाबद्दल वाईट वाटावं अशी गोष्ट आहे. २१ वर्षांखालच्या मुलांना प्रोबेशनच्या कायद्याच्या कलम ६ मध्ये जास्त संरक्षण आहे. अशा मुलाला तुरुंगात पाठवायचं तर कोर्टाला आधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावाच लागतो आणि कारणं लिहावी लागतात. तुमचा भाऊ घटनेच्या वेळी वीसचा होता, आता बावीसचा आहे. सर्वोच्च न्यायालयानं रामजी मिस्सर यांच्या प्रकरणात १९६२ मध्ये सांगितलं, की वय मोजायचं ते खालचं कोर्ट शिक्षेचा निर्णय करतं त्या दिवशीचं. म्हणजे केस लांबली की मुलगा संरक्षणातून बाहेर पडतो, त्याचा काही दोष नसताना. मला हे अन्यायाचं वाटतं आणि मी ते प्रत्येक वेळी युक्तिवादात मांडते. घटनेच्या वेळचं कोवळं वय कलम ४ खाली सांगायला काहीच आडकाठी नाही, आणि बरेच न्यायाधीश ते मनावर घेतात.

इथवरचा सार एवढाच: प्रोबेशन मिळू शकतं, ते कलम ४ खाली मागायचं, लेखी मागायचं. आता कबूल करायचं की नाही हा प्रश्न, आणि तिथे मी तुमच्या वकिलांपेक्षा थोडं सावध बोलेन.

कबुली दिली की दोषसिद्धी झाली. प्रोबेशन त्यानंतरची गोष्ट आहे, आणि ते न्यायाधीशांच्या मर्जीवर आहे. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद देता येते. कबुलीनंतर शिक्षा झालीच, तर अपिलात तुम्हाला शिक्षा जास्त आहे किंवा बेकायदा आहे एवढंच म्हणता येतं, मी गुन्हा केलाच नाही असं म्हणता येत नाही. म्हणून आधी हे पाहा, की केसमध्ये खरोखर बचाव आहे का. शेजाऱ्यानंही मारलं होतं का? भावाच्या अंगावर जखमा होत्या का, तो दवाखान्यात गेला होता का? त्याची उलट तक्रार पोलीस स्टेशनला नोंदवलेली आहे का? आमच्याकडच्या धुऱ्याच्या भांडणात एकतर्फी मार फार कमी वेळा असतो. बचाव असेल तर तो लढायचा, आणि दोष सिद्ध झालाच तर त्या दिवशी प्रोबेशन मागायचं. साक्षी लढवल्या म्हणून प्रोबेशन मागण्याचा हक्क जात नाही. तुमच्या भावानं मारलं हे खरं असेल, साक्षीदार पक्के असतील, आणि त्याला स्वतःला मोकळं व्हायचं असेल, तर कबुली हा प्रामाणिक रस्ता आहे. पण तयारी आधी करायची, कबुली नंतर. तारखेला उभं राहून हात जोडायचे आणि साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहत बसायचं, असं करू नका.

तडजोडीचंही पाहून घ्या. दुखापतीची काही कलमं फिर्यादीच्या संमतीनं मिटवता येतात. ३२४ मात्र खालच्या कोर्टात मिटत नाही. दोघांमध्ये मनापासून समेट झाला तर केस रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जाता येतं. तो खर्च तुम्हाला पेलतो का, ते तुम्ही ठरवा. समेट झाला आणि नागपूरला जाणं जमलं नाही, तरी त्याचा उपयोग शिक्षेच्या वेळी होतो. फिर्यादीनं स्वतः येऊन "माझं काही म्हणणं नाही, पोराला सुधारू द्या" असं सांगितलं, तर माझ्या दहा मिनिटांच्या युक्तिवादापेक्षा त्याचं वजन जास्त पडतं. मात्र तुमच्या भावानं किंवा तुम्ही परस्पर शेजाऱ्याच्या घरी जाऊ नका. तो साक्षीदार आहे. उद्या "दबाव आणला" म्हणून नवी तक्रार झाली तर जामीनही धोक्यात येईल. पोलीस पाटील, तंटामुक्ती समितीतली जुनी माणसं, दोन्ही घरांचा मान राखणारं कुणी वडीलधारं, यांच्यामार्फत बोला, आणि वकिलांना आधी सांगून बोला.

आता तयारी म्हणजे काय, ते जरा सविस्तर लिहिते, कारण निकाल बहुतेक वेळा इथेच ठरतो.

सगळ्यात आधी दारू. तो पिऊन होता म्हणून त्याला कळलं नाही, हे घरच्यांना दयेचं कारण वाटतं. कोर्टाला ते उलटं वाटतं. आपणहून प्यायलेली दारू ही सबब होत नाही, उलट असा माणूस गावात मोकळा सोडला तर धोका वाढतो असं न्यायाधीशांना वाटतं. म्हणून दारूचा उल्लेख करायचा तो उपचाराच्या कागदासकटच. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे, तिथे त्याला घेऊन जा. केसपेपर, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, पुढच्या भेटींच्या तारखा जपून ठेवा. घरून बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं. महिन्याभराचा उपचार निकालाच्या तोंडावर सुरू केला तर तो दिखावा वाटतो. आज सुरू केला आणि साक्षी होईपर्यंत सात-आठ महिन्यांचे कागद जमले, तर ते खोटं म्हणायची कुणाची हिंमत होत नाही. आणि कोर्टाचं बाजूला ठेवा, ताई. ज्या घरात एक आत्महत्या झाली आहे, त्या घरातल्या तरुण पोराचं पिणं मला केसपेक्षा जास्त काळजीचं वाटतं. वडिलांनंतर भावानंही एकदा औषध हातात घेतलं होतं, असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. ती ओळ डॉक्टरांना जरूर सांगा. त्यासाठी त्याच्यावर गुन्हा होईल ही भीती बाळगू नका. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मध्ये असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याला शिक्षा करायची नाही असं म्हटलं आहे. औषधाचे डबे गोठ्यात किंवा घरात ठेवू नका, कुणाच्या तरी ताब्यात कुलपात ठेवा.

दुसरं, घरच्या परिस्थितीचे पुरावे. सांगणं आणि दाखवणं यांत कोर्टात फार अंतर असतं. वडिलांच्या मृत्यूनंतर पोलिसांनी मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद) दाखल केला असेल, त्याचे कागद, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल. तहसीलमधून शेतकरी आत्महत्येच्या मदतीचं प्रकरण झालं असेल तर पात्र-अपात्रचा निर्णय. अपात्र ठरलं असलं तरी तो कागद आणा. तिथे बहुतेक वेळा कर्ज अधिकृत संस्थेचं नव्हतं असल्या कारणावरून मदत नाकारलेली असते, पण मृत्यू आणि ओढाताण त्यातून दिसतेच. बँकेची किंवा सोसायटीची थकबाकीची नोटीस, सातबारा, आईचे दवाखान्याचे कागद. आईला कोण उठवतं-बसवतं, कोण जेवू घालतं, हे गावच्या आशा सेविकेकडून किंवा सरपंचाकडून लिहून आणता आलं तर आणा. भाऊ आत गेला तर त्या माउलीचं काय होईल, हे वकिलानं वर्णन करून सांगायची गरज पडू नये, कागदावरच दिसावं.

तिसरं, भरपाई. प्रोबेशनच्या कायद्याच्या कलम ५ खाली कोर्ट प्रोबेशन देताना जखमीला नुकसानभरपाई द्यायला सांगू शकतं. ती वाट पाहण्यापेक्षा आपण होऊन म्हणा: त्यांच्या दवाखान्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी आम्ही देतो, कापूस विकल्यावर इतके, तुरीवर इतके. जमतील तेवढेच आकडे सांगा. न पेलणारी रक्कम कबूल करून नंतर न भरणं हे काहीच न कबूल करण्यापेक्षा वाईट.

चौथं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि ते क्वचितच कुणी करतं. धुऱ्याची मोजणी करून घ्या. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या, फी भरा, हद्दीच्या खुणा कायम करून घ्या. वाट अडवल्याचा वाद असेल तर तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली अर्ज करता येतो. न्यायाधीशांना दिसतं, की हे दोन शेतकरी उद्याही त्याच धुऱ्यावर समोरासमोर येणार आहेत. भांडणाचं मूळ तसंच असेल तर बॉण्ड कागदावरच राहील, ही शंका त्यांना येणारच. मोजणीची पावती आणि नकाशा समोर ठेवला, की पुन्हा असं का होणार नाही याचं उत्तर तुम्ही न बोलताच दिलेलं असतं. एका केसमध्ये सरकारी वकिलांनीच तो नकाशा हातात घेऊन पाहिला आणि मग विरोधाचा जोर कमी केला, हे मला अजून आठवतं.

पाचवं, परिवीक्षा अधिकारी. जिल्ह्याला महिला व बाल विकास विभागात हे अधिकारी असतात. २१ वर्षांवरच्या आरोपीच्या बाबतीत तालुका कोर्ट त्यांचा अहवाल आपणहून मागवतंच असं नाही, म्हणून तशी मागणी अर्जातच करा. अधिकारी घरी येतात, आजूबाजूला विचारतात, पोलीस पाटलांशी बोलतात. तो कामावर जातो का, मित्र कोण, घरी कसा वागतो. त्यांच्याशी खरं बोला. दारू सुटली नसेल तर सुटली म्हणून सांगू नका, गावात काही लपत नाही. अहवाल गोपनीय असतो, पण त्यातला आशय कोर्ट आरोपीला सांगू शकतं आणि त्यावर पुरावा द्यायची संधी देऊ शकतं.

तयारीनं किती फरक पडतो, ते एका केसवरून सांगते. तुमच्यासारखंच ३२४, तरुण माणूस, बायको माहेरी निघून गेलेली, सावकाराचं कर्ज. खालच्या कोर्टात त्याची सगळी कर्मकहाणी सांगून झाली. न्यायाधीशांनी त्याला थेट विचारलं, "आता पितोस का?" तो खाली पाहत राहिला. काही महिन्यांची कैद झाली. अपिलाचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी त्याच्या घरच्यांना युक्तिवादाआधी उपचाराला लावलं, जखमीचा दवाखान्याचा खर्च कोर्टात जमा करायला लावला. कलम ११ प्रमाणे अपील ऐकणारं कोर्टही प्रोबेशन देऊ शकतं, आणि त्यांनी दिलं. माणूस तोच होता, गुन्हा तोच, गरिबीही तीच. मधल्या काळात बदललं होतं ते त्याचं वागणं, आणि ते कागदावर आलं होतं. म्हणून खालच्या कोर्टात नकार मिळाला तरी सगळं संपलं असं समजू नका. पण कुटुंबानं मधले दिवस ज्या हालांत काढले ते मी पाहिले आहेत, म्हणून ही तयारी पहिल्याच कोर्टात व्हावी असा माझा आग्रह आहे.

प्रोबेशन मिळाल्यावरचंही आधीच ठरवून ठेवा. आरोपीचं किंवा त्याच्या जामीनदाराचं पक्कं राहण्याचं ठिकाण किंवा नेहमीचं काम कोर्टाच्या हद्दीत, नाहीतर बॉण्डच्या काळात आरोपी जिथे राहणार असेल तिथे असावं लागतं. तुमचे काका सातबारा घेऊन जामीनदार राहायला तयार आहेत का, ते विचारून ठेवा. आमच्या भागातून दसरा-दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला, पुण्या-मुंबईकडे बांधकामाला जातात. भाऊ जाणार असेल तर न सांगता जाऊ नये. मुक्काम बदलायचा तर कोर्टाला अर्ज द्यावा, अटी बदलता येतात. बॉण्ड मोडला, पुन्हा मारामारी केली किंवा बोलावल्यावर हजर झाला नाही, तर कोर्ट वॉरंट काढू शकतं आणि मूळ गुन्ह्याची बाकी राहिलेली शिक्षा तेव्हा सुनावू शकतं. तीन वर्षं ही टांगती गोष्ट राहणार, हे त्याला नीट समजावून सांगा.

फीची अडचण तुम्ही लिहिली आहे. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या इमारतीतच असते. उत्पन्नाची अट बसत असेल, किंवा अनुसूचित जाती-जमातीचे असाल, तर मोफत वकील मिळतो. विधी सेवेच्या १५१०० या नंबरवर फोन करूनही विचारता येतं. मोफत मिळालेला वकील कमी प्रतीचा असतो हा समज काढून टाका, मी स्वतः ही कामं करते आणि तेवढ्याच मनानं करते.

आता भरतीचा प्रश्न. प्रोबेशनवर सुटला तरी तो निर्दोष सुटला असं होत नाही, दोषसिद्धी राहते. पण प्रोबेशनच्या कायद्याचं कलम १२ सांगतं, की कलम ३ किंवा ४ खाली सोडलेल्या माणसाला त्या दोषसिद्धीमुळे कायद्यानं येणारी अपात्रता चिकटणार नाही. याचा अर्थ नोकरी हमखास मिळेल असा नाही. ज्या पदाला चारित्र्य पडताळणी आहे तिथे खातं गुन्ह्याचं स्वरूप पाहून निर्णय घेऊ शकतं. पण लपवणं मात्र नक्की अंगाशी येतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये अवतार सिंग यांच्या प्रकरणात माहिती दडवल्यावर काय होतं आणि खरी माहिती दिल्यावर नियोक्त्यानं काय काय पाहावं, हे सविस्तर सांगितलं आहे. केस चालू आहे तोपर्यंत फॉर्ममध्ये "गुन्हा दाखल आहे का" या रकान्यात "हो" लिहायचं, केस नंबर आणि कलमं द्यायची. निकाल लागल्यावर आदेशाची प्रमाणित प्रत काढून ठेवायची आणि प्रत्येक फॉर्मसोबत तिची झेरॉक्स जोडायची. भरतीची जाहिरात केस संपायच्या आधी आली तरी त्यानं फॉर्म भरावा, वय निघून जाऊ देऊ नये.

पुढची तारीख तुम्ही लिहिलेली नाही. साक्षीची तारीख जवळ असेल तर वकिलांशी बोलून थोडी मुदत मागा, आणि त्या दिवसांत मोजणीचा अर्ज आणि दवाखाना ही दोन कामं तरी सुरू करा. डॉक्टरांचा दाखला आणि दोषारोपपत्राची प्रत हातात आली, की त्यात ३२४ शिवाय आणखी कुठलं कलम दिसतं का ते पाहून इथे लिहा. त्यावरून कबुलीबद्दल मला जास्त नेमकं सांगता येईल.